पुरवणी कधी उघडायची?

प्रश्न : ताई, 'द ड्रेस्डेन फाइल्स' या जादूगार-गुप्तहेराच्या कादंबरीमालिकेचे तीन भाग वाचून झाले. चौथा हाताशी नाही, म्हणून 'साइड जॉब्ज' हा त्याच मालिकेचा कथासंग्रह आणलाय. मैत्रीण म्हणते, हात लावू नकोस. सुट्या गोष्टी वाचून असं काय बिघडणार आहे?

उत्तर : बिघडेल गं, मैत्रिणीचं ऐक. या मालिकेचा बारावा भाग, 'चेंजेस', एप्रिल २०१० मध्ये आला आणि शेवटच्या पानावर वाचकांना टांगून निघून गेला. तेरावा यायला जुलै २०११ उजाडला. मधल्या काळात, २०१० च्या ऑक्टोबरात, हा संग्रह आला. त्यातली शेवटची कथा 'आफ्टरमॅथ'. बारावा भाग जिथे संपतो तिथून तासाभराच्या आत ती सुरू होते आणि ती नेहमीसारखी नायक हॅरी सांगत नाही, त्याची मैत्रीण मर्फी सांगते. का, ते मला विचारू नकोस. आत्ताच जरा जास्त बोलले.

पण पुस्तक कपाटात कोंडायचीही गरज नाही. कथा कुठल्या दोन भागांच्या मधली आहे, हे प्रत्येक कथेच्या सुरुवातीला दिलेलं आहे. मी अनुक्रमणिकेतच प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने भागाचा आकडा टाकला होता. पहिली कथा, 'रिस्टोरेशन ऑफ फेथ', पहिल्या भागाच्याही आधी घडते. ती आज रात्री खुशाल वाच. बाकीच्या आपापल्या नंबराची वाट बघतील.

एवढी काळजी का, तर मी स्वतः पोळले आहे. दुसऱ्याच एका मालिकेत दोन पात्रं एकमेकांची कोण लागतात ते विसरले होते. त्या मालिकेची माहिती देणारं सोबतीचं पुस्तक घेतलं, पात्रसूची उघडली. नाव सापडलं, आणि नावापुढे पहिलीच माहिती काय, तर तो कितव्या भागात मरतो! नातं बघायचं राहूनच गेलं. पुढचे दोन भाग तो गृहस्थ नुसता हसला तरी माझ्या पोटात कालवायचं.

तेव्हापासून असं कुठलंही पुस्तक हातात आलं की मी मुखपृष्ठ उलटून आधी प्रकाशनाचं वर्ष बघते. त्या वर्षापर्यंत मालिकेचे जेवढे भाग आले, तेवढे सगळे त्यात फुटलेले असणार असं धरून चालायचं.

प्रश्न : सूकी स्टॅकहाउस या नायिकेच्या, व्हॅम्पायरांच्या मालिकेतल्या तेरा कादंबऱ्या संपल्या. 'आफ्टर डेड' म्हणजे चौदावा भाग का?

उत्तर : नाही हो. तेरावा भाग आला त्याच वर्षी, २०१३ मध्ये, ते निघालं. त्यात गोष्ट नाही. पात्रांची नावं इंग्रजी वर्णानुक्रमाने लावून पुढे प्रत्येकाचं काय झालं एवढं सांगितलंय. काहींच्या वाट्याला जेमतेम दोन-चार ओळी. लग्नाच्या हॉलमधून निघताना कुणीतरी घाईघाईने सगळ्या नातेवाइकांची खबर द्यावी, तसं. माणसं मनात जिवंत ठेवायची असतील तर सोडून द्या.

त्यापेक्षा २०११ चं 'द सूकी स्टॅकहाउस कम्पॅनियन' घ्या. त्यात 'स्मॉल-टाउन वेडिंग' ही नवी दीर्घकथा आहे, घटनांचा कालक्रम आहे, शिवाय पाककृतीही. व्हॅम्पायरांच्या पुस्तकात पाककृती बघून मला हसू आलं होतं. पण सूकी दिवसभर लोकांना जेवण वाढणारी मुलगी, तेव्हा ते तिला शोभतंच. (मालिकेला म्हणायचं 'अर्बन', म्हणजे शहरी, फँटसी आणि गाव लुईझियानातलं एवढंसं! असो.) हे कम्पॅनियन निघालं तोवर अकरा कादंबऱ्या आल्या होत्या. तुमच्या तेरा झाल्यात, तुम्हाला कसलंच भय नाही.

प्रश्न : भाचीला 'द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स' या फँटसी मालिकेचं वेड आहे. सहापैकी पाच भाग वाचलेत. वाढदिवसाला काय देऊ?

उत्तर : 'द शॅडोहंटर्स कोडेक्स'. हे मला या सगळ्यांत आवडतं, कारण ते त्या जगाबद्दलचं पुस्तक नाही, त्या जगातलंच पुस्तक आहे. शॅडोहंटर म्हणजे या मालिकेतले राक्षसांशी लढणारे योद्धे, आणि नव्या शॅडोहंटरच्या हाती द्यायची ही पुस्तिका : शस्त्रं, राक्षस, कायदे, इतिहास. आणि समासात क्लेरी, जेस, सायमन या मालिकेतल्याच पात्रांचं खरडणं. गंभीर मजकुराशेजारी एकाने शेरा मारायचा, दुसऱ्याने त्याची खोडी काढायची. आपण शाळेत मागच्या बाकावर बसून पाठ्यपुस्तकाचं जे करायचो तेच. माहिती विसरली जाते, समास लक्षात राहतो. पुस्तक २०१३ चं, सहावा भाग २०१४ चा. म्हणजे भाचीचा शेवट शाबूत आहे.

ड्रेस्डेनवर बेतलेल्या भूमिका-खेळाचे (प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ) ग्रंथही, २०१० चे, असेच समासांत बडबडतात. खेळायला चार जण मिळाले नाहीत तरी मी ते नुसते वाचते.

प्रश्न : 'रिव्हर्स ऑफ लंडन' या जादू शिकणाऱ्या पोलिसाच्या कादंबरीमालिकेची कॉमिक्स वाचली नाहीत तर काही अडेल का?

उत्तर : अडणार नाही. पण त्यांना वरकड समजू नका. २०१५ मध्ये सुरू झालेलं पहिलं कॉमिक, 'बॉडी वर्क', चौथ्या आणि पाचव्या कादंबरीच्या मध्ये बसतं आणि मूळ लेखकाचा हात त्याच्या लेखनात आहे. चौथी संपवून ते वाचा, मग पाचवी घ्या.