मूल्यांच्या तक्त्यातून जबाबदारी आणि हिंमत काढायला सांगितलंय? थांबा जरा

तुमची पोस्ट वाचली. मुलांसाठी मूल्यांचा तक्ता, प्रत्येक नावापुढे 'हा शब्द कुठून आला' अशी एक ओळ, आणि मंजुरी देणाऱ्यांनी जबाबदारी नि हिंमत 'परके' म्हणून खोडलेले. डिट्टो माझीच कहाणी, म्हणून लिहितोय. मूल्यं कोणती घ्यायची ते तुम्ही बघालच.

आमच्याकडे (कार्यालयाचं नाव नको) आधी इमान उडालं. का, तर अरबी. मी म्हटलं, बेइमान हा शब्द पोरांना शिकवावा लागत नाही, मग इमान का नको? उत्तर नाही, फाइल परत. हिंमतही अरबीतूनच आलेली. जबाबदारीतला जवाब अरबी, दार फारसी. तिच्या जागी 'उत्तरदायित्व' बसवलं. आता ते मुलांकडून वाचून घ्या! वर कहर म्हणजे, 'सिन्सिअर' हा शब्द लॅटिनमधल्या 'मेणाविना'वरून आला, शिल्पकार भेगा मेणाने बुजवायचे, ही गोष्ट मात्र त्यांनीच हौसेने घालायला लावली. व्युत्पत्तीचे कोश ती मानत नाहीत. छायाप्रत जोडली तर म्हणाले, "गोष्ट छान आहे, राहू द्या." तशीच छापली. शुद्धतेचा आग्रह फक्त इमानापुरता!

मी भाषेचा अभ्यासक नाही, पटलं तर घ्या. मुलं बोलतात तोच शब्द ठेवा, मग तो कुठूनही आलेला असो. आणि व्युत्पत्तीला व्याख्या करू नका. विवेकात विच् धातू आहे, म्हणजे वेगळं काढणं, धान्यातून फोल काढतात तसं. हे सांगितलं की मुलांना लगेच कळतं. पण चारित्र्यात चर्, म्हणजे चालणं, म्हणून 'जो चालतो तो चारित्र्यवान' असलं काही लिहू नका. (हसू नका, मी छापलेलं पाहिलंय.) इंग्रजी कॅरेक्टरच्या मुळाशी तर ग्रीकमधला कोरलेला छाप आहे. श्रद्धेचं नातं लॅटिनमधल्या 'क्रेदो'शी (मी विश्वास ठेवतो), म्हणजे थेट बँकेतल्या क्रेडिटशी! मोठ्या मुलांना हे फार आवडतं.

वाद घालायला जाताना मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची 1857ची आवृत्ती आणि कृ. पां. कुलकर्ण्यांचा 1946चा व्युत्पत्तिकोश, दोन्हींची पानं जोडा. मोल्सवर्थमध्ये शब्द संस्कृत, अरबी की फारसी याची खूण कंसात एका इंग्रजी अक्षराने दिलेली असते. खुणांची यादी सुरुवातीच्या पानांत आहे, तीही जोडा. नाहीतर 'हे अक्षर कसलं?' म्हणून फाइल पुन्हा परत येईल.