टाचांना युरिया: पोत्यातला की ट्यूबमधला?

प्रश्न: आमची सहा एकर कोरडवाहू पऱ्हाटी आहे. वेचणी सुरू झाली की दरवर्षी माझ्या टाचा उलतात, यंदा तर रक्त आलं. दवाखान्यातून युरियाचं मलम मिळालं. घरचे म्हणतात, ‘युरियाचं पोतं कोठ्यात पडलं आहे, खोबरेल तेलात कालवून लाव.’ चालेल का?
– एक वाचक, घाटंजी तालुका

उत्तर: नका लावू, ताई. घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पोत्यातला आणि ट्यूबमधला युरिया रसायन म्हणून एकच. आपल्या कातडीतही तो मुळात असतोच, ओल धरून ठेवायला. पण खताचा युरिया पिकासाठी केलेला. त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, थोडं बाययुरेटही असतं, म्हणजे युरिया बनवताना सोबत तयार होणारं दुसरं रसायन. तेलात तो विरघळत नाही, दाणे भेगेत टोचत राहतील. पाण्यात विरघळेल, पण किती टक्के झाला ते कसं कळणार? आणि सगळं टक्क्यांवरच आहे. 10 टक्क्यांपर्यंत तो ओलावा धरतो, 20-25 टक्क्यांना जाड, मेलेली कातडी मऊ करून सोडवतो. 40 टक्क्यांचं मलम जाडावलेल्या नखांसाठी, घट्ट्यांसाठी, तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. तुमच्या ट्यूबवरचा आकडा आधी वाचा.

रक्त येणाऱ्या भेगेत हे मलम फार झोंबतं. भेग मिटेपर्यंत तिच्यात नुसतं व्हॅसलीन भरा, मलम भोवतालच्या जाड कातडीला लावा. रात्री दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेवायचे, टिपून घ्यायचे, थोडी ओल असतानाच मलम लावून सुती मोजे घालायचे. दिवसा शेतात चप्पल नको, मोजे आणि बंद बूट.

माझी आईही वेचायला जायची. तिच्या टाचेच्या भेगेत काळी माती वाळून बसायची, ती सुईनं उकरून काढायची आणि दिव्यावर तापवलेल्या बिब्ब्याचं तेल आत सोडायची. एका वर्षी घोट्यापर्यंत फोड आले, आठवडाभर तिला पाय टेकवता आला नाही. तुमच्याकडे कुणी बिब्बा सुचवला तर तोही नको.

शुगर असेल, पायाला मुंग्या येत असतील, किंवा भेगेभोवती सूज, पू दिसत असेल, तर घरी काहीच लावत बसू नका. वेचणी एक दिवस राहू द्या आणि पाय दाखवून या.