भाग जात नाही म्हणून मूळ?

प्रश्न : २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ येतात. ५०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिले, एकानेही भाग जात नाही. संगणकावर २ हा पाया घेऊन गणितज्ञ फर्माची चाचणी लावली (२ चा ‘संख्या वजा १’ एवढा घात घेऊन त्याला संख्येने भागायचे; बाकी १ आली नाही तर संख्या मूळ नाही), ती ‘मूळ’ म्हणते. मग ही संख्या मूळ धरायची का?

उत्तर : नाही. हिला ६४१ ने भाग जातो, भागाकार ६७,००,४१७. तुम्ही जरा अलीकडेच थांबलात! २ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातांत १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या फर्माच्या मालिकेतल्या आधीच्या पाचही मूळ निघाल्यामुळे खुद्द फर्माही हिला मूळ मानून फसला होता. ६४१ शोधला गणितज्ञ ऑयलरने, १७३२ मध्ये.

एवढा मोठा आकडा मांडायचीही गरज नाही, नुसती बाकी धरून चला. २ चा १६ वा घात ६५,५३६; त्यातून ६४१ × १०२ = ६५,३८२ वजा केले की बाकी १५४. तिचा वर्ग २३,७१६; त्यातून ६४१ × ३६ = २३,०७६ गेले, उरले ६४०. हीच ३२ व्या घाताची बाकी. तिच्यात १ मिळवला की पूर्ण भाग.

आता ६४१ च का? p हा या संख्येचा मूळ विभाजक असेल, तर p ने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी p − १ येते, आणि ६४ व्या घाताची १. ६४ च्या आतल्या कुठल्याही घाताला १ येत नाही. p मूळ असल्याने p − १ व्या घाताचीही बाकी १ येते, म्हणून p − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच प्रयत्नाला काम होते. सरसकट भागत बसलात तर संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंत, ६,५४२ मूळ संख्या आहेत.

६७,००,४१७ मात्र मूळ आहे. तिचे मूळ विभाजकही याच साच्यातले हवेत, आणि तिचे वर्गमूळ २,५८९ च्या आत असल्याने तपासणी लवकर आटोपते.

तुमची चाचणी मुळातच निरुपयोगी होती. तिच्यात २ चा घात घ्यायचा तो संख्येतून १ वजा करून, म्हणजे इथे २ चा ३२ वा घात एवढा. या संख्येने भागतानाही २ च्या ६४ व्या घाताची बाकी १ च येते; आणि हा घात ६४ च्या पटीत आहे, त्यामुळे बाकी १ येणारच. फर्माच्या या मालिकेतली प्रत्येक संख्या २ च्या पायावर अशीच पास होते. पाया ३ घ्या : बाकी ३,०२,९०,२६,१६० येते, आणि ती १ नसल्याने संख्या मूळ नाही हे विभाजक न शोधताच कळते.

प्रोग्राम लिहिताना ३२ बिटांचा चल मात्र वापरू नका. त्यात २ चा ३२ वा घात मावत नाही, ० होतो. १ मिळवला की संख्याच १ उरते. मग ६४१ ने भागा नाहीतर ७ ने, बाकी १ च दिसेल.