‘बहुसंख्येने’ हा आकडा नाही

प्रिय जीएस,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. मी तो सकाळी चष्मा लावून दोनदा वाचला, कॉलेजची जनरल सेक्रेटरी म्हणून तू कार्यक्रमाच्या परवानगीसाठी ऑफिसला दिलेल्या तिन्ही अर्जांचे फोटोही मोठे करून पाहिले. तिन्हींवर लाल पेनाने एकच शेरा : ‘तपशील द्यावा’. आणि तू विचारतेस, ‘मॅडम, हे नियम कार्यक्रम व्हावा म्हणून असतात की होऊ नये म्हणून?’

त्याकडे येते. आधी तुझ्या तिसऱ्या अर्जातलं हे वाक्य बघ : ‘सदर कार्यक्रमास विद्यार्थी बहुसंख्येने उपस्थित राहणार आहेत.’ बहुसंख्येने म्हणजे किती गं? तीनशे? तीन हजार? माझ्या वर्गात वर्षभर बसलीस तू. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून तुझा अर्धा मार्क कापला होता आणि तू स्टाफरूमपर्यंत भांडायला आली होतीस. इथे तर एककच काय, संख्याही नाही.

लग्नपत्रिकेत लिहावं ‘बहुसंख्येने’. तिथे कमी आले तर जेवण उरतं आणि जास्त आले तर पंगत थांबते. तुमच्या हॉलमध्ये थांबायला जागा कुठे आहे?

म्हणून पहिलं आणि खरं तर एकच सांगणं : आकडा लिही. ‘अंदाजे’ नको, ‘साधारण’ नको. आकडा.

तुला वाटेल, ऑफिसला एवढं काय पडलंय आकड्याचं? त्यांना पडलेलं नाहीच. लाल पेनवाल्याला फक्त कागद पुढे सरकू द्यायचा नाहीये, त्याच्या हेतूबद्दल माझा गैरसमज नाही. पण चुकीच्या माणसाने विचारला म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. बाकीचे सगळे नियम त्या एका आकड्याला लटकलेले आहेत. किती स्वयंसेवक, किती दारं, पाण्याचे किती जार, मुलींसाठी वेगळी रांग लागेल का, पोलीस ठाण्यात काय सांगायचं, ॲम्ब्युलन्स नुसती फोनवर ठेवायची की गेटवर उभी करायची. आकडा नसेल तर हे सगळं हवेत.

कोचीचं तुला आठवत असेल, २५ नोव्हेंबर २०२३. कोचीन विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या मुलांचं फेस्ट होतं. उघड्यावरचं प्रेक्षागृह, गाण्याचा कार्यक्रम, आत शिरायला पायऱ्या उतरून जायचं. पाऊस आला, बाहेर थांबलेली गर्दी आडोशासाठी एकाच गेटमधून आत घुसली आणि पायऱ्यांवर माणसांवर माणसं पडली. चार जण गेले. तिघं त्याच विद्यापीठात शिकणारी, तुझ्या वयाची. त्यात कुणी गुंड नव्हतं, कुणी दंगल केली नव्हती. पाऊस आला, एवढंच. फेस्ट भरवणारी पोरं तुमच्यासारखीच असणार गं, रात्र रात्र जागून स्टेज उभं करणारी.

त्याच्या कितीतरी आधी, २३ डिसेंबर १९९५ ला हरयाणात डबवालीला एका शाळेचा वार्षिक समारंभ होता. मंडपाला आग लागली. कृत्रिम धाग्याचं कापड भराभर पेटलं आणि बाहेर पडायची वाट एकच. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात निम्म्याहून अधिक मुलं. तेव्हा मी नोकरीत होते. पेपर वाचायला घेतला, घडी घालून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला गेले. मला तो पेपर पुरा वाचवला नव्हता. कारण दोनच वर्षांपूर्वी आमच्या हॉलमध्ये...

ते सांगते. कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

१९९३ चं गॅदरिंग. मी एकोणतीस वर्षांची, नोकरीला जेमतेम चार वर्षं झालेली आणि सांस्कृतिक विभाग गळ्यात पडलेला. कॉलेज कुठलं ते सोड. पुण्याहून ऑर्केस्ट्रा आणला होता आणि अर्ज मीच लिहिला होता, छान वळणदार अक्षरात. त्यात काय लिहिलं होतं ते ओळखलंस ना? तोच तुझा शब्द. हॉलमध्ये खुर्च्या चारशे. हजारावर माणसं आली असतील. ‘असतील’ म्हणते, कारण मोजलं कुणी होतं? गावातली आली, शेजारच्या कॉलेजातली आली, ट्रॅक्टरमधून आली. मागचं दार मीच कुलूप लावून बंद केलं होतं, फुकटे शिरू नयेत म्हणून. पुढच्या चॅनल गेटवर आमचे शिपाईमामा. दुसरं गाणं सुरू झालं आणि बाहेरून रेटा वाढला. मी ओरडले, ‘मामा, गेट ओढा!’ त्यांनी ओढलं. बाहेरच्यांनी उलट्या बाजूने ओढलं. मामांची उजव्या हाताची दोन बोटं त्या गेटच्या पट्ट्यांमध्ये गेली.

जीव कुणाचा गेला नाही. लोक अजूनही त्या गॅदरिंगबद्दल ‘काय गर्दी होती!’ असं कौतुकाने बोलतात.

चौकशी झाली. समितीने एकच शहाणा प्रश्न विचारला : किती माणसं अपेक्षित होती? मी म्हणाले, ‘हॉलच्या क्षमतेएवढी.’ खोटं. मी विचारच केला नव्हता. मग विचारलं, गेट बंद करायला कुणी सांगितलं? मी गप्प बसले. अहवालात आलं की शिपायाने परस्पर गेट बंद केल्याने अपघात झाला. मामांनी ते वाचलं की नाही कोण जाणे. मला मात्र पुढेही ‘बाई’ म्हणत राहिले, चहा आणून देत राहिले, तीन बोटांनी कप धरून.

माझी बाजूही ऐक. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, पदरात दीड वर्षाचं मूल होतं, प्राचार्य माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होते आणि मागचं दार बंद करायची सूचना वरूनच आली होती, तोंडी. तोंडी आलेल्या सूचनेचा वास कागदाला लागत नाही. तिथे दुसरं कुणी असतं तर बोललं असतं का? मला वाटतं, नसतं. तीस वर्षं मी हेच म्हणत आलेय, आणि तरीही ते पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं, यातून काय ते समज.

म्हणून मी हट्टी झाले. नंतरच्या प्रत्येक गॅदरिंगला मुलं मला ‘आकडेबाई’ म्हणायची. तुझ्या आधीच्या जीएसना विचार. पोस्टर छापायला टाकायच्या आधी आकडा माझ्या टेबलावर, हा माझा नियम होता. दोन जीएस त्यावरून रुसून गेले. जाऊ देत.

आता आकडा काढायचा कसा. तू म्हणशील, कोण येणार ते आधी कसं कळणार? गेल्या वर्षीच्या बातमीत ‘तुडुंब गर्दी’ असेल, ती बाजूला ठेव. कॅन्टीनवाल्याचं बिल काढ. वडापावाच्या बिलात खोटं सहसा नसतं. मंडपवाल्याने किती खुर्च्या आणल्या आणि किती परत नेताना मोडल्या म्हणून पैसे मागितले ते बघ. पार्किंगला पावती होती का? तिच्या पुस्तकाचा शेवटचा नंबर बघ. मग कॉलेजचा पट घे. त्यातले होस्टेलचे नक्की येतात, एसटीने जाणारे संध्याकाळी सातनंतर येत नाहीत. एवढं केलंस की आकडा पाच-पन्नास इकडेतिकडे, पण हाताशी येईल.

आणि मग दुसरा आकडा, जागेचा. हॉल टेपने मोज. स्टेज, साउंडवाल्याची टेबलं, मधली वाट वजा कर. उभ्या गर्दीत चौरस मीटरला चारपर्यंत माणसं असतील तर माणूस थोडं वळू शकतो, हात वर करू शकतो. सहा-सात झाली की कुणी आपल्या पायांनी चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातं. अशा ठिकाणी माणसं बऱ्याचदा तुडवली जाऊन मरत नाहीत, उभ्या उभ्या श्वास कोंडून मरतात. छाती फुगायला जागाच उरत नाही. म्हणून खुर्च्या मांड, हेच बरं. खुर्ची स्वतःची जागा धरून बसते आणि मोजता येते.

दोन आकडे जुळले नाहीत तर कार्यक्रम दोनदा कर, किंवा पास काढ, किंवा लहान कर. हे ऐकून तुला राग येणार, मला माहीत आहे. पण ‘बघू, जमेल’ म्हणालीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

मैदानाचं डोक्यातून काढ. मैदानावर माणसं मावतात खरी, पण कॉलेजभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे तिथे दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. बोलणारी चार माणसं जमली तरी ५० ओलांडतात. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, बंदिस्त सभागृहाला त्यात सूट आहे. म्हणजे आवाजाचा नियम तुला आत ढकलतो, आणि आत गेलीस की पुन्हा दारं आणि डोकी. सुटका नाही.

गाण्यांच्या परवान्याबद्दल विचारलंस. तिथेही प्रश्न माणसांचाच, फक्त ‘किती’च्या जागी ‘कोण’. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे. तुम्ही मुलांनी किंवा शिक्षकांनी संस्थेच्या कार्यक्रमात गाणं गायलं, नाटक केलं तर चालतं. रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवायचं असेल तर समोर संस्थेतलेच लोक, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेली मंडळी हवीत. बाहेरच्यांना तिकीट विकून डीजे लावलास की ती सवलत गेली. एकांकिकेच्या संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं का, ते नाट्यविभागाच्या सरांना आजच विचार. प्रयोगाच्या आदल्या दिवशी धावपळ करू नकोस.

आता तुझ्या मित्रांची ती योजना. कॉलेजचं नावच काढायचं नाही, समोरच्या प्लॉटवर एका ‘मित्रमंडळा’च्या बॅनरखाली करायचं, आमदारांचा फोटो लावला की परवानगी आपोआप. खरं सांगू? होईलही. परवानगी एका फोनवर मिळेल. पण काही झालं तर त्या बॅनरवरचे फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलेले असतील आणि ठाण्यात तू बसलेली असशील. नाहीतर तुमच्यापैकी कुणीतरी, ज्याने मंडपवाल्याच्या पावतीवर सही केली तो. किंवा एखादे मामा.

आणि ‘मॅडम, तुम्ही प्राचार्यांशी एकदा बोला ना’ हे तू चार वेळा लिहिलंयस. नाही बोलणार. माझा शब्द चालेल म्हणूनच नाही बोलणार. मी फोन केला की ते ‘हो’ म्हणतील, तोंडी, आणि तोंडी ‘हो’चं काय होतं ते वर लिहिलंय. तुझ्या कागदावर सही हवी आणि सहीच्या वर आकडा हवा.

सगळ्यात अवघड काम मोजणं नाही, ते तुम्ही कराल. अवघड असतं आकडा भरल्यावर थांबवणं. समज, सहाशे लिहिलेस. सहाशेवी व्यक्ती आत गेली आणि पुढे उभा आहे संस्थेच्या सचिवांचा भाचा, चार मित्रांसह. किंवा तुझीच जिवलग मैत्रीण, उशिरा आलेली, नटूनथटून. गेटवर कोण उभं राहील? प्रथम वर्षाचं पोर नको, ते घाबरून सोडेल. गेट ओढून धरायला कुणालाही सांगू नकोस. आत सोडायचं की नाही हे गेटच्या बऱ्याच अलीकडे, पार्किंगपाशीच ठरायला हवं, म्हणजे गेटवर रेटा येतच नाही. दोघं मोजायला ठेव, एक मुलगा, एक मुलगी, दर दहा मिनिटांनी तुला आकडा सांगतील. मागचं दार उघडं आणि तिथे एक शिक्षक. विद्यार्थी नव्हे, शिक्षक. कोण तयार आहे ते मला कळव, कुणीच नसेल तर तेही कळव.

मामा दोन वर्षांपूर्वी गेले. दर दिवाळीला मी त्यांच्या घरी फराळ घेऊन जात असे आणि दर वेळी ठरवत असे की आज सांगायचं, अहवालात तसं लिहिलंय आणि ते खरं नाही. मग त्यांची सून चहा आणायची, टीव्ही चालू असायचा, विषय राहून जायचा. शेवटच्या वर्षी तेच म्हणाले, ‘बाई, त्या ऑर्केस्ट्राला काय पब्लिक होतं!’ मी ‘हो ना’ म्हणाले.

चौथा अर्ज सोमवारी दे. तीन ओळी पुरेत : जागा, वेळ, आकडा. खाली दारांचा नकाशा पेन्सिलीने काढ आणि बाहेर पडायच्या वाटांवर बाण दाखव. लाल पेनवाल्याने तरी परत पाठवला तर पोचपावती घेऊन ये. मग मी येते तुझ्याबरोबर. बोलायला नाही, बाकावर बसायला.

आणि निमंत्रण पाठवणार असशील तर मला आणि आमच्या ह्यांना त्या आकड्यात आधीच धर. दोन खुर्च्या, मागच्या दाराजवळच्या.

तुझी,
आकडेबाई