पत्नीला कर्जाला जामीन ठेवावे का?

प्रश्न थोडक्यात असा : कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचा व्यवसाय करणाऱ्या एका वाचकांना सहकारी बँकेकडून यंत्रासाठी १८ लाख रुपयांचे मुदत कर्ज आणि ७ लाखांचे कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे काढता येणारे खेळते कर्ज) घ्यायचे आहे. बँकेने जामीनदार म्हणून पत्नीची सही मागितली आहे. पत्नी एका खासगी कंपनीत लेखापाल आहेत, पगार ५८ हजार रुपये आहे आणि माहेरकडून मिळालेला मिरजेतला प्लॉट त्यांच्या नावावर आहे. "तिचा धंद्याशी काही संबंध नाही, फक्त सही हवी आहे, मग धोका कसला?" असे ते विचारतात.

उत्तर :

तुमच्या पत्रात 'फक्त सही' हे शब्द तीनदा आले आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. साक्षीदाराची सही ही फक्त सही असते, जामीनदाराची नसते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "आधी नवऱ्याकडून वसूल करा, तो पुरता बुडाला तर माझ्याकडे या," असे तुमच्या पत्नीला बँकेला सांगता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली बँक ऑफ बिहारच्या प्रकरणात ही गोष्ट स्पष्ट केली आहे. त्यातून तुमची बँक सहकारी आहे, म्हणजे तिला दिवाणी दावा लावून वर्षानुवर्षे थांबण्याचीही गरज नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली ती वसुलीचा दाखला मिळवू शकते, आणि त्या दाखल्यावर कर्जदारासोबत जामीनदाराचेही नाव असते. मिरजेचा प्लॉट गहाण दिलेला नाही म्हणून तो सुरक्षित आहे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. मात्र वसुली सुरू झाल्यावर जामीनदाराच्या नावावरची मालमत्ता जप्त होऊ शकते, मग ती गहाण असो वा नसो.

पगाराचेही तसेच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे हुकूमनाम्याच्या (न्यायालयाच्या निकालाच्या) वसुलीत पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्तीतून सुटतो. पूर्ण ५८ हजार हिशोबात धरले तर महिन्याला १९ हजारांपर्यंत रक्कम जप्त होऊ शकते. भविष्य निर्वाह निधीला कायद्याचे संरक्षण आहे, त्याची काळजी नको. मुदत ठेवीला तसे संरक्षण नाही, आणि ती त्याच बँकेत असेल तर वळती करून घेण्याचा अधिकार बँक बहुधा जामीनपत्रातच लिहून घेते.

तुमच्या एका मुद्द्यावर मात्र मला जास्त थांबायचे आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पत्नीला लाभार्थी करून तुम्ही एक कोटीची टर्म पॉलिसी घेतली आहे, आणि त्यामुळे ती 'काहीही झाले तरी सुरक्षित' आहे, असे तुम्ही लिहिता. पॉलिसी घेतलीत हे उत्तम केलेत. त्या कायद्याच्या कलम ६ मुळे ही रक्कम पतीच्या धनकोंपासून, म्हणजे पतीला कर्ज देणाऱ्यांपासून, सुरक्षित राहते, पण ती पतीच्या धनकोंपासून. पत्नीने जामीनपत्रावर सही केली की बँक त्यांचीही धनको होते. तुमच्या पश्चात कर्ज थकले आणि विम्याचे पैसे त्यांच्या हाती आले, तर ते त्यांचे स्वतःचे पैसे असतील आणि बँकेला त्यांच्याकडे येणे मागता येईल. म्हणजे एका कागदाने बांधलेली भिंत दुसऱ्या कागदाने पाडल्यासारखे होते. सही टळणार नसेल, तर कर्जाएवढ्या रकमेची वेगळी टर्म पॉलिसी घेऊन ती बँकेच्या नावे करून द्या, म्हणजे जुन्या पॉलिसीला हात लागणार नाही.

आता आकडे पाहू. तुम्ही व्याजदर ११ टक्के आणि मुदत पाच वर्षे सांगितली आहे, त्या हिशोबाने मुदत कर्जाचा हप्ता सुमारे ३९,१०० रुपये येतो. कॅश क्रेडिट पूर्ण वापरले तर त्याचे व्याज महिन्याला सुमारे ६,४०० रुपये, म्हणजे एकूण साडेपंचेचाळीस हजार. तुमच्याच लिहिण्यानुसार एरवी महिन्याला ९० हजार सुटतात आणि पावसाळ्यात ही रक्कम ४० हजारांवर येते. त्या महिन्यांत घरखर्च राहू द्या, हप्ता आणि व्याजही पूर्ण निघत नाही. ते कुठून भरणार हे तुम्ही लिहिलेले नाही, पण ते न लिहिताही कळते. पत्नीचा पगार हाच या कर्जाचा खरा आधार आहे, आणि दोन वर्षांनी त्याच पगारावर गृहकर्ज काढून सांगलीत फ्लॅट घ्यायचा तुमचा बेत आहे. जामीन राहिलेले कर्ज जामीनदाराच्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसते. गृहकर्ज देणारी बँक ते पाहणार, आणि तुमचे हप्ते थकले असतील तर त्याचा डाग त्यांच्या नावावरही पडलेला असेल.

माझे मत असे की, ही सही आज घेऊ नये. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी असलेल्या पतहमी न्यासाच्या, म्हणजे सीजीटीएमएसईच्या योजनेत तारण आणि त्रयस्थाचा जामीन न घेता कर्ज मिळते. तुमची रक्कम तिच्या मर्यादेच्या बरीच आत आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, तुमच्याकडे आहेच. तुमची बँक योजनेत सहभागी आहे का ते विचारा, नसेल तर सहभागी असलेल्या बँकेकडे अर्ज करा. दरवर्षी हमी शुल्क द्यावे लागेल, शिवाय कर्ज फेडण्याची जबाबदारी तुमचीच राहील, पण प्लॉट आणि पगार त्यातून बाहेर राहतील. दरम्यान सहा महिन्यांच्या हप्त्यांइतके, म्हणजे सुमारे पावणेतीन लाख रुपये बाजूला साठवा. यंत्र दिवाळीनंतर आले तरी चालेल.

हा मार्ग बंदच झाला, तर जामीन फक्त मुदत कर्जापुरता आणि ठरावीक रकमेपुरता द्यावा. कॅश क्रेडिटला देऊ नये, कारण ते खाते दरवर्षी नव्याने चालू राहते आणि जामीनही त्याच्यासोबत ओढला जातो. चालू जामीन भविष्यातील व्यवहारांपुरता लेखी सूचना देऊन मागे घेता येतो, आधीच्या येण्यातून मात्र सुटका नसते. पती-पत्नी वेगळे झाले तरी नसते. छापील जामीनपत्राचा बारीक मजकूर नीट पाहा : करार कायद्याच्या कलम १३३, १३४, १३५, १३९ आणि १४१ खालचे जामीनदाराचे हक्क सोडून दिल्याचे वाक्य तिथे बहुधा असतेच. रकमेची जागा कोरी असेल तर सही करू नका, आणि पगारातून परस्पर कपात करण्याचे संमतीपत्र तर मुळीच देऊ नका.

जामीनदाराने भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क कलम १४५ देते. तुमच्या पत्नीच्या बाबतीत तो हक्क ज्याच्यावर बजावायचा, त्याचा कारखाना तोवर बंद पडलेला असेल आणि तो त्याच घरात राहत असेल.

या सहीबद्दल त्यांना काय वाटते, याविषयी तुमच्या पत्रात एकही ओळ नाही. दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवणाऱ्या बाईंना तुमच्या कारखान्याचा ताळेबंद दाखवला आहे का? जामीनपत्राचा मसुदा आणि गेल्या तीन वर्षांचे हिशोब त्यांच्या हाती द्या आणि आठवडाभर विचारू नका. त्यांनी मला वेगळे पत्र लिहिले तर मी आनंदाने उत्तर देईन, मात्र त्या पत्रात सल्ला फक्त त्यांच्या बाजूने असेल, कारण कर्ज घेणाऱ्याने आणि जामीन राहणाऱ्याने एकाच सल्ल्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.