फिट वाढल्या म्हणून डॉक्टर बदलायच्या आधी

पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज परत परत ऐकला, रडत होतीस म्हणून अर्धा कळला नाही. जे कळलं ते असं की महिन्यात एखादी येणारी फिट आता आठवड्यात दोन-तीनदा यायला लागली, सासूबाई म्हणतात "पोऱ्याले नजर लागनी" आणि नवरा म्हणतो हा डॉक्टर काही कामाचा नाही, मुंबईला नेऊ. हे बघ, एकाच दिवसात एकामागून एक फिट येत असतील किंवा पोरगं मधे शुद्धीवरच येत नसेल तर माझं हे वाचत बसू नको, आत्ताच दवाखान्यात ने. तसं नसेल तर मुंबई कुठं पळून जात नाही. आधी घरात शोध, मागच्या महिना-दोन महिन्यांत काय काय बदललं. माझा लेक आता भुसावळला मोबाईलच्या दुकानावर कामाला आहे पण लहानपणी त्याच्या फिट अशाच मधे मधे वाढायच्या, आणि कारण बऱ्याचदा घरातच सापडायचं. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा.

पहिलं वजन कर. लहान पोरांचा डोस किलोवर ठरतो आणि पोरगं तर वाढत राहतं. मागच्या दिवाळीचा शर्ट आखूड झाला की आपण लगेच नवीन घेतो, पण औषधाची चिठ्ठी तीच, डोस तोच, मेडिकलवाला पण जुनी चिठ्ठी बघून देत राहतो. डोस वाढवायचा तो डॉक्टरनेच हां, तू मनानं अर्धी गोळी पण वाढवू नको. नि कमीही करू नको, एकदम बंद तर अजिबातच नाही, औषध अचानक तोडलं की मोठी, थांबता न थांबणारी फिट येऊ शकते.

मग बाटली आणि स्ट्रिप हातात घेऊन बस. कंपनी बदलली का? नेहमीची नव्हती म्हणून मेडिकलवाल्यानं "हीच आहे ताई, फक्त नाव वेगळं" म्हणून दुसरी दिली का? बऱ्याच जणांना फरक पडत नाही पण काहींना पडतो, म्हणून तारीख लिहून ठेव. सिरप देताना बाटली हलवतेस ना? काही औषधं तळाशी बसतात, न हलवता दिलं तर वरचं पातळ पोटात जातं आणि बाटली संपत आली की घट्ट. घरातल्या चमच्यानं मोजायचं नाही, सोबतची सिरिंज नाहीतर मापाची टोपी घ्यायची. गोळीवर सीआर, ईआर, क्रोनो असं काही लिहिलं असेल तर ती कुटून द्यायची नसते, हळूहळू सुटायची ती एकदम सुटते. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा, बाटली खिडकीत किंवा पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नको.

आता झोप, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते नि घरात सगळ्यात कमी कोणी मानतं. लग्नसराई, रात्री बारापर्यंत डीजे, कानबाईच्या रोटाचं जागरण, उकाड्यात लाईट गेली की सगळं घर अंगणात, आणि रात्रीची लाईट आली की बाप मोटार चालू करायला शेतात निघतो तेव्हा पोरगंही उठून बसतं. झोप मोडली की फिट येऊ शकते, हे डॉक्टर लोकांनाही पक्कं माहीत आहे, म्हणून तर ईईजीच्या, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूची पट्टी काढतात त्याच्या, आधी कधीकधी मुद्दाम जागवायला सांगतात. रात्रीच्या गाडीनं मुंबईला न्यायचं म्हणताय त्यात पण हेच होणार.

मधे ताप, जुलाब, उलट्या झाल्या का? गोळी दिल्या दिल्या उलटी झाली तर परत द्यायची की नाही हे डॉक्टरला आधीच विचारून ठेव. गावातल्या डॉक्टरकडे कशासाठीही गेलीस तरी पहिलं वाक्य हेच, की याला फिटची औषधं चालू आहेत. जुलाबावर सर्रास देतात त्या ओफ्लॉक्सासिन नावाच्या अँटिबायोटिकनं फिट वाढू शकते. कार्बामाझेपिन हे फिटचं औषध चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तर कार्बामाझेपिनचं प्रमाण रक्तात वाढतं, पोरगं झिंगल्यासारखं चालतं. आणि तो गळ्यातला कापूर काढ. सर्दी झाली की आपल्याकडे कापराची पुरचुंडी बांधतात, निलगिरीचं तेल छातीला चोळतात, पण या दोन्हींनी लहान पोरांना फिट येऊ शकते. सासूबाईंना वाईट वाटेल, वाटू दे.

पुड्यांचं पण सांगते, कारण कोणीतरी सांगणारच की अमक्या ठिकाणच्या पुडीनं बरं होतं. अशा काही पुड्यांमधे फिनोबार्बिटोन मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणजे फिटचंच इंग्रजी औषध, किती ते कोणाला माहीत नाही. पुडी चालू केली की बरं वाटतं, संपली की परत झटके.

हे सगळं एका वहीत लिही. तारीख, वेळ, किती मिनिटं, झोपेत की जागेपणी, आदल्या दिवशी काय झालं. आणि व्हिडिओ काढ, आधी त्याला कुशीवर कर मग मोबाईल नवऱ्याच्या हातात दे. चेहरा, डोळे, दोन्ही हात दिसले पाहिजेत, नाव घेऊन हाक मारलेली ऐकू आली पाहिजे. माझ्या लेकाच्या एका प्रकारच्या फिटमधे झटका यायचाच नाही, नुसता ओठ चावत शर्टाचं बटण चाळत बसायचा आणि हाक मारली तर ओ द्यायचा नाही, आम्ही म्हणायचो काय विचार करतोय हा. डॉक्टरनं ते व्हिडिओत बघितलं. फिटचा प्रकार कळणं फार मोठी गोष्ट आहे, कारण एका प्रकाराला चालणारं औषध दुसऱ्या प्रकारात फिट वाढवू पण शकतं. आणि काही वेळा तर ती फिट नसतेच, झोपेतला साधा दचका असतो.

फिट आली की घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही, कांदा नाही, चप्पल नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे मिळतो, किती फवारे ते वजनावर डॉक्टर लिहून देतात, तो घरात एक आणि शाळेच्या दप्तरात एक, आणि मास्तरांना कसा मारायचा ते दाखवून ये. विहिरीवर, तापीवर एकट्याला पाठवायचं नाही, आणि मोरीला आतून कडी नको.

आता नवऱ्यासाठी. तो अगदीच चूक नाही. नीट निवडलेली, पूर्ण डोसमधली दोन औषधं नियमित घेऊनही फिट थांबत नसतील तर त्याला औषधाला दाद न देणारी फिट म्हणतात, साधारण तीनातल्या एकाचं असं होतं. मग मात्र लहान मुलांचा न्यूरोलॉजिस्ट गाठायचाच, चांगला एमआरआय, व्हिडिओ ईईजी, कोणाकोणाला ऑपरेशनचा फायदा होतो, केरळातल्या तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा हॉस्पिटल त्यासाठी नावाजलेलं आहे. किटोजेनिक डाएट, म्हणजे तूप-तेल भरपूर नि भात-भाकरी अगदी कमी, असं पण असतं पण ते दवाखान्याच्या देखरेखीखालीच, यूट्यूब बघून पोराची भाकरी बंद करायची नाही. फक्त तिथं जाशील तेव्हा हातात ही वही असू दे, नाहीतर पहिल्या भेटीत ते तुला हेच सगळं विचारणार आणि तू रडणार.

गरोदरपणात तू ग्रहण बघितलंस म्हणून हे झालं असं परत कोणी म्हणालं तर फोन मला लावून दे, मी बोलते त्यांच्याशी.

अपॉइंटमेंट चालू डॉक्टरचीच घे, या आठवड्यातली. जायच्या आधी वजन किती भरलं ते मला टाक, स्ट्रिपचा आणि बाटलीचा फोटो पण. फोन रात्री आठनंतर कर, दुपारी मी झोपलेली असते.

तुझी मावशी