निसरड्या थंडीतली मोटरसायकल: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

सकाळी रस्ता कोरडा दिसत होता. पुलावर चढलो आणि पुढचं चाक निघूनच गेलं. वेग तीसच्या आसपास होता, ब्रेकला हातही लावला नव्हता. माझं काय चुकलं?

मनगट आणि खांदा आधी नीट तपासून घ्या. पडल्याच्या दिवशी कळत नाही, तिसऱ्या दिवशी हात वर जात नाही.

आता पुलाचं. रस्त्याच्या पोटात जमिनीची थोडी ऊब साठलेली असते, पुलाला ती नसते. त्याच्या खालूनही थंड वारा वाहतो, म्हणून तो बाकीच्या रस्त्याआधी गोठतो. आपण आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत हिमालाही बर्फ म्हणतो आणि गोठलेल्या पाण्यालाही बर्फच म्हणतो. गाडी चालवताना मात्र या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हिम दिसतं आणि पायाखाली करकरतं. तुम्हाला पाडलं ते काचेसारख्या पारदर्शक पापुद्र्याने. त्याखालचं डांबर आरपार दिसतं, त्यामुळे रस्ता फार तर ओलसर वाटतो.

हवा तीन-चार अंशांवर असली तरी निर्धास्त होऊ नका. निरभ्र रात्री रस्त्याचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतो आणि हवेपेक्षा थंड होतो. शिवाय बर्फ सर्वांत निसरडा असतो तो शून्याच्या आसपास, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे पंधरातला कडक बर्फ त्या मानाने बरा. ओळखायची खूण सांगते: रस्ता चकाकतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून तुषार उडत नाहीत, म्हणजे ते पाणी नाही. टायरचा आवाज एकदम थांबला आणि हॅन्डल हलकं लागलं, की तुम्ही त्या पापुद्र्यावर पोहोचलेले असता. तिथे काहीही करायचं नाही. रेस आहे तशी ठेवायची, ब्रेक नाही, गिअर नाही, गाडी सरळ उभी, नजर लांब.

हे लिहायला सोपं आहे. माझ्या चौथ्या हिवाळ्यात एका चौकात, गळक्या नळाचं पाणी गोठलं होतं तिथे, मी पुढचा ब्रेक फक्त दोन बोटांनी धरला आणि डावं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेलं. वेग धावत्या माणसापेक्षा जास्त नव्हता. आजही पडतानाच्या त्या आवाजाने जाग येते, म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिला तास गाडीवर बसवत नाही, हिशेब करायला लावते.

तोच हिशेब तुम्हीही करा. ताशी 40 किलोमीटर वेगाने कोरड्या डांबरावर ब्रेक धरल्यापासून थांबायला साधारण 8 मीटर लागतात. दाबलेल्या हिमावर 30 मीटरच्या आसपास, बर्फावर 60 च्या पुढे. मेंदूला उमगून हात हलेपर्यंतचं अंतर यात धरलेलंच नाही. वळणावर कलण्याचंही तेच: कोरड्या रस्त्यावर पस्तीस-चाळीस अंश चालून जातात, दाबलेल्या हिमावर जेमतेम अकरा, बर्फावर सहा. सहा अंश म्हणजे कललोय हे कळतसुद्धा नाही. तुम्ही ब्रेक लावला नव्हता, मान्य. पण पूल जरा वळणाचा होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा संशय तिथेच आहे.

माझ्या गाडीला एबीएस आहे. मग बर्फावर पुढचा ब्रेक बिनधास्त वापरू का?

नाही. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण रस्त्यात नसलेली पकड ते आणणार कुठून?

पुढच्या ब्रेकचं कोरड्या रस्त्यावर इतकं कौतुक का, ते पाहा. जोरात ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि ते रस्त्याला घट्ट दाबलं जातं. बर्फावर वेग इतका हळू उतरतो की वजन पुढे फारसं सरकतच नाही, म्हणून पुढचा ब्रेक तिथे आपलं बळ गमावून बसतो. धोका मात्र तसाच राहतो. मागचं चाक घसरलं तर गाडी शेपूट हलवते आणि बऱ्याचदा सावरता येते. पुढचं घसरलं की माणूस जमिनीवर. म्हणून मागचा ब्रेक हळुवार, पुढच्याला नुसता स्पर्श, आणि अंतर भरपूर.

इंजिनाच्या ओढीने वेग कमी करणं चांगलंच, पण गिअर धाडकन उतरवून क्लच सोडला तर मागचं चाक ब्रेक न लावताही जाम होतं. क्लच सोडायला दुप्पट वेळ घ्या. तसं झालंच तर तो पटकन पुन्हा दाबा, चाक फिरू लागेल. भुसभुशीत हिमाच्या उतारावर एबीएस ब्रेक सारखा सोडत राहतं आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. तो उतार सुरू होण्याआधीच, वर सपाटीवर, पहिल्या गिअरमध्ये या. मधे आल्यावर सुधारायला काही उरत नाही.

ताई, मी दोन-दोन हातमोजे घालते, तरी वीस मिनिटांत बोटं बधिर होतात. क्लच दाबला की नाही तेच कळत नाही.

बाळ, तुझा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. माझ्या पाहण्यात बर्फापेक्षा बधिर बोटांनी जास्त माणसं पाडली आहेत.

हवा शून्य अंशावर असताना ताशी 80 वेगाने जाशील, तर उघड्या कातडीला उणे दहासारखं वाटतं. पाच अंशांवर 60 ने गेलीस, तरी शून्याच्या खालीच. म्हणजे आधी वारा अडवायला हवा, लोकर त्यानंतर. दुसरा मोजा पहिल्यावर करकचून बसत असेल तर तो बोटांचं रक्त अडवतोय, आजच काढून टाक. त्याऐवजी पातळ रेशमी अस्तर आणि त्यावर वारा न शिरणारा, आत बोटं हलतील इतका सैल मोजा. हॅन्डलवर बसवायच्या मोठ्या पिशव्या मिळतात, आत हात घालायचा. दिसायला बोजड, पण त्यांच्याइतकं उपयोगी मी दुसरं काही वापरलेलं नाही. गरम होणाऱ्या मुठी तळहात शेकतात, वारा मात्र हाताच्या पाठीवर लागतो, म्हणून त्या एकट्या पुरत नाहीत.

आणि गळा झाक. छाती-मान गार पडली की शरीर हातापायांचं रक्त आत ओढून घेतं, मग कुठलाही मोजा घाल.

दात वाजू लागले की थांबायचं. बोटं पांढरी पडून संवेदना गेली तर ती चोळायची नाहीत, हिमाने तर मुळीच नाही. सायलेन्सरवर शेकू नकोस, भाजलेलं कळणार नाही. हात काखेत दाबून आडोशाला जा. ऊब मिळूनही बोटं तशीच राहिली तर थेट डॉक्टर.

टायरमधली हवा कमी केली की पकड वाढते म्हणतात. खरं का?

खोल, मऊ हिमात रांगत जायचं असेल तर थोडी कमी केल्याने मदत होते. डांबरी रस्त्यावर नको. थंडीने हवा आपोआपच उतरते, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय, म्हणून दाब सकाळी गार टायरवर मोजा आणि कंपनीने सांगितला तेवढाच ठेवा. सातएक अंशांखाली उन्हाळी रबर कडक होत जातं. हिवाळी टायर घेताना डोंगराच्या चित्रात हिमाचा स्फटिक असलेली खूण बघा.

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने चेन लाल झाली.

त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा, पुसा, वाळवा, मग वंगण. दुसऱ्या दिवशी करू म्हणाल तर गंज वाट बघत नाही. धुतल्यावर थोडं फिरून ब्रेक दाबून कोरडे करा, नाहीतर रात्रीत पाणी गोठतं.

तुम्ही सारखं घाबरवता. जर्मनीत ऐन थंडीत हजारो लोक मोटरसायकलवरून हत्ती मेळाव्याला जातात, ते कसे जातात?

मेळावा खरा आहे आणि मला त्याचं मनापासून प्रेम आहे. तो 1956 मध्ये सुरू झाला. त्याचं नाव आलं ‘हिरवा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साइडकारवाल्या झुंडाप केएस 601 या मोटरसायकलवरून. 1989 पासून तो बव्हेरियाच्या जंगलात भरतो. पण तिथली छायाचित्रं नीट पाहा, किती गाड्यांना साइडकार आहे ते. तीन चाकं घसरतात, पण आडवी होत नाहीत. स्वीडनच्या लष्कराने हुस्कवार्ना मोटरसायकलींना दोन्ही बाजूंनी स्की लावल्या, त्याही स्वाराचे पाय टेकवायला. बर्फावरच्या शर्यतीत गाडी जमिनीला टेकेपर्यंत कलते, कारण टायरमध्ये जवळजवळ तीन सेंटिमीटरचे खिळे असतात. या सगळ्यांनी पकड कुठून तरी आणली आहे. साध्या टायरवर निघालेल्या तुमच्याकडे ती कुठून येणार, एवढंच मी विचारते.

रोज आठ किलोमीटर कामावर जावंच लागतं. निघायचं की नाही, हे कसं ठरवता?

गाडीला किल्ली लावण्याआधी मी चालत रस्त्याच्या कडेला जाते आणि बुटाचा तळवा डांबरावर जोर देऊन घासते, सावलीतल्या जागी, उन्हातल्या नाही. सरकला तर किल्ली परत खुंटीला. शून्याच्या आसपास पाऊस पडत असेल तर तळवा घासायलाही जात नाही, कारण तो पडताक्षणी गोठतो आणि मागून येणाऱ्या मोटारीलाही थांबता येत नाही. तळवा धरला तर निघते, रोजच्यापेक्षा वीस मिनिटं आधी, मोटारींच्या चाकांनी मोकळ्या केलेल्या पट्ट्यातून. रांगायच्या वेगात दोन्ही पाय खाली सोडते. संध्याकाळी परत निघताना पुन्हा तळवा घासते, कारण दुपारी वितळलेलं पाणी तोवर गोठायला लागलेलं असतं.